रंगाची टोळी

माणूस हयात असतो तोवर त्याचे किस्से कुणी जपून ठेवत नाही. रोज एक नवा होतो, जुना विसरला जातो. आमच्या टेम्पोच्या फाळक्यावर जसे रंगाचे थर साठले, तसेच किस्सेही साठले. कुणी पुसले नाहीत, आणि आता खरवडले तरी निघायचे नाहीत. ताई गेली आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. हिचा आता नवा किस्सा होणार नाही. आहेत तेवढेच!

म्हणून हल्ली चहाच्या गाड्यावर बसलो की मी तेच तेच सांगतो. अस्लम म्हणतो, "गड्या, ह्यो झालाय सांगून." मी म्हणतो, "मग परत ऐक!"

तुम्हाला तर सगळे नवेच आहेत. ऐका.

*

आधी टोळीत कोण कोण ते सांगतो. रोहिणीताई माझी सख्खी थोरली बहीण, सांगलीत चित्रकला शिकलेली. अस्लम मिरजेचा, दुकानांच्या पाट्या रंगवतो. त्याचं अक्षर बघून लोक दुकानात शिरतात, माल बघून बाहेर येतात. प्रज्ञा इस्लामपूरची, गाणी रचते आणि म्हणते. तिचे आजोबा जलशात गायचे, तो आवाज हिच्या गळ्यात आलाय. आणि चौथा मी. नववीत शाळा सोडली, टेम्पो चालवतो.

भिंती रंगवायच्या, गाणी म्हणायची, मोर्चाला चित्रं करून द्यायची, हे आमचं काम. पूर का येतोय, दुष्काळ का हटत नाही, ऊन एवढं का वाढलंय, हे लोकांना सांगायचं. ऊसतोडीच्या टोळीला मुकादम असतो तशी ताई आमची मुकादम. गावात शिरलो की पोरं ओरडायची, "रंगाची टोळी आली!"

ताईचा एक नियम होता. 'हवामान बदल' हा शब्द भिंतीवर लिहायचा नाही. का, तर "त्या शब्दाला वासच न्हाई."

*

हा नियम पहिल्याच भिंतीवर ठरला. आमच्या गावच्या दूध डेअरीची भिंत. ताई तेव्हा कॉलेजमधून नुकतीच बाहेर पडलेली. तिनं काय काढावं? बर्फाच्या तुकड्यावर उभं पांढरं अस्वल!

हौसाकाकी दूध घालायला आली, ती किटली खाली ठेवून बघतच राहिली.

"रोहिणे, ह्ये काय गं?"

"पांढरं अस्वल, काकी. बर्फ वितळतोय, बिचाऱ्याला उभं ऱ्हायला जागा न्हाई."

"आगं, मग माझी म्हस काय सुखात हुती व्हय? पुरात स्लॅबवर हुबी हुती, चारी बाजूनं पानी! तिचं चित्र कोन काढणार?"

 ताईनं काळ्या रंगाचा डबा उघडला. दिवस मावळेपर्यंत अस्वलाची म्हैस झाली आणि बर्फाचा स्लॅब झाला.

दुसऱ्या दिवशी काकी गल्लीतल्या सगळ्या बायका घेऊन आली. लांबून बघितलं, जवळून बघितलं. मग म्हणाली, "म्हस झाक हाय. पर तोंड आजून अस्वलाचंच हाय!"

ते तोंड ताईनं मुद्दाम तसंच ठेवलं. डेअरीवर येणारी माणसं त्या म्हशीला हसतात आणि हसता हसता पुराचं बोलायला लागतात. मी मात्र आता तिकडून जात नाही. दूध घालायला आईला पाठवतो.

*

मग ट्रॉल्यांचा किस्सा. ऊस तुटला की शेतातलं पाचट, म्हणजे वाळलेला पाला, जाळतात. आठ-आठ गावांवर धूर बसतो. ताईला सुचलं, ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या मागच्या फळीवरच चित्रं काढायची. मागून येणारा प्रत्येक जण बघणार! आमच्या गावचे ट्रॅक्टरवाले तयार झाले. ताईनं पेटलेल्या उसाच्या फडातून पळणारा ससा काढला, घरट्यातली पिल्लं काढली. अस्लमनं खाली ठसठशीत लिहिलं, 'पाचट जाळू नका, कुजवा'. रंगवून रंगवून आमची बोटं सुजली.

कारखाना सुरू झाला. पहिल्या दिवशी आम्ही नटूनथटून रस्त्याकडेला उभे. ट्रॉल्या आल्या. आणि चित्र कुठंय? ऊस असा खच्चून भरलेला, की शेंड्यांची वाढी मागून खाली लोंबतायत आणि फळी सगळी झाकलीय. ससा नाही, पिल्लू नाही, अक्षर नाही! एकामागून एक हिरवीगार वाढी आमच्यापुढून गेली.

अस्लम रस्त्याकडेला खाली बसला. आम्ही सगळे ऊसपट्ट्यातले, जन्मभर ट्रॉल्या बघतोय, आणि चौघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं! ताई हसायला लागली. पोट धरून हसली.

संध्याकाळी ट्रॉल्या रिकाम्या परत आल्या, तेव्हा कुठं ससा दिसला. एका ड्रायव्हरनं ट्रॅक्टर थांबवला, म्हणाला, "ताई, तोंड पाडू नगासा. जाताना आमचं पोट, येताना तुमचा ससा!"

*

औंधकडं जाताना एका फाट्यावर जुना वड होता. रस्ता रुंद होणार म्हणून बुंध्यावर लाल फुली मारलेली. ताईनं त्या फुलीच्या वर दोन डोळे काढले. मोठे, दमलेल्या म्हाताऱ्यासारखे. कुठूनही बघा, तुमच्याकडंच बघणार. म्हणाली, "आता ह्याच्या डोळ्याला डोळा देऊन करवत चालवा म्हणावं."

आणि खरंच, तोडायला आलेले गडी डोळे बघून माघारी गेले!

काही दिवसांनी गेलो तर डोळ्यांना शेंदूर, पुढं नारळ, उदबत्ती. प्रज्ञानं कपाळावर हात मारला. "रोहिणी, तुझ्या हातनं देव झाला! आमच्या घरात देव मानत न्हाईत, कळलं तर मला उंबऱ्याच्या आत घ्यायची न्हाईत."

पुढच्या खेपेला तर कहर. गावानं देवाला चौथरा करायला घेतलेला. त्यासाठी पारंब्या छाटलेल्या, मुळं तोडलेली, बुंध्याभोवती सिमेंट ओतायचं चाललेलं. ज्या झाडाला करवतीपासून वाचवलं, ते भक्तीनं मरणार!

माझं डोकं फिरलं. टेम्पोतला टिकाव काढला आणि घातला चौथऱ्यावर. माणसं धावून आली.

"आरं, देव हाय त्यो!"

"देव न्हाई, झाड हाय!"

मला मार बसणार हे नक्की होतं. ताई मध्ये आली. पागोटंवाल्या एका आजोबांपुढं उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, माझ्या स्वप्नात आले हुते."

"कोन?"

"हेच. म्हणाले, पायाला सिमेट लावलंय, लय खाजतंय."

आजोबांनी वडाच्या डोळ्यांकडं बघितलं. मग पोरांकडं बघून ओरडले, "काढा रं त्ये!"

परत येताना प्रज्ञा म्हणाली, "देवाच्या नावावर खोटं बोललीस." ताई खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "खोटं कुठं? मला खरंच स्वप्न पडतं त्याचं."

ताई माझ्या स्वप्नात येत नाही. सगळे म्हणतात येईल. अजून आली नाही.

*

साताऱ्याला नद्यांसाठी मोर्चा होता. त्यासाठी आम्ही बांबू, गोणपाट आणि चिपाडाची मगर केली. दोरी ओढली की जबडा उघडायचा. गळ्यात पाटी, 'नदी नीट ठेवा, न्हाईतर तुमच्याकडं राहायला येते'. कृष्णाकाठच्या माणसाला ही धमकी बरोबर कळते!

मगर टेम्पोत मावेना. शेपूट मागून बाहेर. वाऱ्यानं रंग उडू नये म्हणून वरून ताडपत्री टाकली आणि तिथंच चुकलं. झाकलेली वस्तू म्हटली की लोकांना संशय येतो. मागच्या मोटरसायकलवाल्यानं शेपूट बघून कुठंतरी फोन केला. पुढच्या नाक्यावर जंगल खात्याची माणसं काठ्या घेऊन हजर.

"गाडीत काय हाय?"

मी बोलून गेलो, "मगर!"

"जिती का मेलेली?"

अस्लम मागून म्हणाला, "सायेब, आजून वाळायची हाय."

झालं! चौघांना खाली उतरवलं. एका गार्डनं ताडपत्री वर करून काठीनं ढोसलं. मला राहवलं नाही, मी दोरी ओढली. जबडा उघडला खाडकन! गार्ड उडी मारून थेट प्रज्ञाच्या मागं लपला.  मग ताईनं त्याला पाटी वाचून दाखवली. तो हसला तेव्हा आमच्या जिवात जीव आला. म्हणाला, "जावा. पर माघारी ह्याच वाटंनं या. पोरास्नी दावायची हाय."

मोर्चा झाला, भाषणं झाली, निवेदन दिलं. माघारी येताना मी म्हणालो, भूक लागलीय, दुसऱ्या रस्त्यानं जाऊ. ताई ऐकेना. नाक्यावर त्या गार्डची बायको, पोरं, शेजारची पोरं, सगळी रांग लावून उभी! ताईनं एकेका पोराला दोरी ओढू दिली. मी चिडून हॉर्न वाजवत होतो. ती टेम्पोपाशी येऊन म्हणाली, "आजची भाषणं उद्या कुणाला आठवतील रं? ही पोरं मगर न्हाई विसरायची."

मगर आमच्या गोठ्यात आहे. आई तिच्यावर जुनं लुगडं पांघरते.

*

सांगलीतली निळी रेघ हे ताईचं सगळ्यात मोठं काम. पुराचं पाणी घराघरात जिथपर्यंत चढलं, तिथून भिंतीवर निळी रेघ ओढत जायची. एक घर झालं की पुढचं. गल्ली संपली की पुढची गल्ली. उन्हाळ्यात चालताना माणसानं मान वर करून बघावं, की इथं आपण बुडालेलो होतो.

एका गल्लीत एक काका आडवे आले. "आमच्यात ह्याच्यापेक्षा वर हुतं. रेघ वर घ्या."

शेजारचे काका बाहेर आले. "तुमच्यात वर कसं? आमच्यात हितंच हुतं. एक भिंत, एक पानी!"

दोघं हातघाईवर आले. अस्लमनं गवंड्याची पाण्याची नळी आणली, दोन्ही दारांत धरून दाखवली. पातळी सरळ.

पहिले काका नळीकडं बघत राहिले. म्हणाले, "पानी सरळ आसंल. पर सोसलं आमी जास्त!"

ताईनं त्यांच्या घरापुरती रेघ थोडी जाड केली. काका खूश!

त्याच गल्लीत एका घरात मुलीला बघायला पाहुणे येणार होते. मुलीच्या आईनं रेघेवर नवी साडी टांगली. बुडणारं घर म्हणून सोयरीक मोडायला नको! पाहुणे आले. मुलाची आई उंबऱ्यातच थांबली. साडीच्या दोन्ही बाजूंनी निळी रेघ बाहेर आलेली. म्हणाली, "झाकताय कशाला? आमच्यात तर माळ्यावर ग्येलतं." साडी काढली, चहा झाला, आणि लग्न ठरलं. लग्नात ताईला मानाची साडी मिळाली, तीच टांगलेली!

रेघ एका पिठाच्या गिरणीपाशी थांबलीय. अस्लम आणि प्रज्ञा म्हणतात, पुढं नेऊ, तू टेम्पो काढ. मी काढत नाही. पुढं गेलो की तिथं नवा किस्सा होणार. होणारच, आमच्या टोळीत होतोच. आणि तो तिच्याशिवायचा असणार.

*

ताईला ताप आला. आठवडाही पुरा झाला नाही. त्याच्यावर मी काही सांगणार नाही. अंगणात एक जण म्हणाला, चांगली माणसं देवाला लवकर आवडतात. त्याला मी ढकलत फाटकाबाहेर नेलं.

दहाव्याला नदीवर गेलो. पिंड ठेवला, कावळा येईना. आई पुढं झाली, म्हणाली, "रोहिणे, मी रडणार न्हाई, शीव बाळ." कावळा नाही. मावशीनं शब्द दिला. प्रज्ञानं दिला. ती हे मानत नाही, तरी हात जोडून उभी राहिली. अस्लम म्हणाला, "निळी रेघ पुरी करतो." कावळा नाही. मी म्हणालो, "तंबाखूचा मावा सोडला." आभाळ मोकळं. लांबवर एकसुद्धा काळा ठिपका नाही.

मग प्रज्ञानंच इकडं तिकडं बघितलं. घाटावरची चिंच आणि उंबर तोडून तिथं पेव्हर ब्लॉक बसवलेले. ताईनं त्या झाडांसाठी किती खेटे घातले, किती चित्रं काढली, सगळ्या गावाला माहीत. प्रज्ञा म्हणाली, "कावळा यील कुठनं? बसायला फांदी कुठं ठेवलीया?"

कुणी कुणाकडं बघेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. आमचे थोरले चुलते, जे ताईला सारखं ओरडायचे की पोरीच्या जातीनं मोर्चात फिरू नये, ते डोळे पुसत म्हणाले, "गेली तरी आंदोलन सोडंना!"

सगळा घाट हसला. दहाव्याला असं हसतात का? आम्ही हसलो. मग आईला आवरेना.

*

आता शेवटचा.

ताई गेल्यावर एकदा मला पाटणच्या बाजूचं भाडं लागलं. डोंगरातल्या एका वस्तीवर पाण्याच्या टाक्या पोचवायच्या होत्या. त्या लोकांचं मूळ गाव वर होतं. अती पावसात दरड खाली आली, माणसं वाचली, घरं गेली. आता पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. सगळ्या शेड सारख्या, ओळीनं. उन्हात पत्रा नुसता डोळ्यावर येतो.

टाक्या उतरवल्या, हात धुतले आणि वळलो, तर एका शेडच्या बाजूच्या पत्र्यावर दार. लाकडी. जुनं, सागवानी, दोन फळ्यांचं. वरच्या पट्टीवर गणपती कोरलेला, खाली उंबरा, उंबऱ्यावर हळदीकुंकवाची बोटं. मी जवळ जाऊन हात लावला. पत्रा चटकन भाजला. ते दार नव्हतं, चित्र होतं! आणि चित्रापुढं जमिनीवर खरी रांगोळी. त्या दिवशीची, ताजी.

एक आजी कोपऱ्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "फसलास न्हवं? पोस्टमन बी फसलाय. नातू रांगत जाऊन डोकं आपटतुया."

"आजी, हे कुणी काढलं?"

"हुती एक पोरगी, सांगलीकडची. रोहिनी म्हनायची. एस्टीनं एकलीच आलती. मला इचारलं, आजी, काय काढू? समद्यांनी तिला झाडं सांगितली, डोंगर सांगितला. म्या म्हनलं, बाई, डोंगर नगं, डोंगरानं घर न्येलं. माजं दार काढ. मंग बसली हितं. म्या सांगल तसं काढत ग्येली. फळीला चीर कुठं हुती, कोयरी कसली हुती, समदं."

 ताई इथं कधी आली, मला ठाऊक नव्हतं. अस्लमला नव्हतं, प्रज्ञाला नव्हतं. आमच्यापैकी कुणाला तिनं एका शब्दानं सांगितलं नव्हतं. मी त्या दाराकडं बघत राहिलो. खाली पत्र्याच्या कडेला ब्रश पुसल्याचे तपकिरी फराटे होते.

"तू वळखतोस व्हय रं तिला?"

"व्हय. माझी ताई."

आजींचं तोंड उजळलं. आत जाऊन त्यांनी माझ्यासाठी तांब्याभर ताक आणलं. मी उभ्यानंच प्यायलो. आजी दाराजवळ गेल्या आणि डाव्या फळीवर मधोमध बोट ठेवलं. तिथं नुसती फळी होती.

"ही बघ, कडी ऱ्हायलीया. येवढी कडी काढायची, तर एस्टीनं हारन दिला. पळत सुटली. जाताना वरडून सांगितलं, पुढल्या खेपंला कडी काढते, आजी. कवा येनार हाय ती?"

टेम्पोत तिचे डबे होते. फाळक्याखाली, मागं, तसेच. मी म्हणालो, "मी काढू का कडी, आजी?"

आजींनी माझ्या हातांकडं बघितलं. टाक्या उतरवून सोललेले, ग्रीसनं काळे झालेले हात. आणि मान हलवली.

"तू नगं. तिलाच यीऊ दे. घाई न्हाई म्हनावं. तवर म्या दार नुसतं लोटून ठिवते."